अनोळखी देशात पहिल्यांदा जाताना: कुठे कडक राहायचं, कुठे मोकळं व्हायचं

अनोळखी देशाला निघालेला माणूस बहुधा भलत्याच गोष्टींना घाबरतो. अपहरण, दंगल, विमान कोसळणं. प्रत्यक्षात प्रवाशाचा घात करणाऱ्या गोष्टी फार साध्या असतात: नको त्या बाजूने आलेली गाडी, भाड्याची स्कूटर, ओळख नसलेला समुद्र, अंगावर काढलेला ताप. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ११.९ लाख माणसं रस्त्यावरच्या अपघातांत दगावतात आणि सुमारे ३ लाख बुडून. परक्या मुलखातल्या रस्त्याची आणि पाण्याची सवय नसलेल्या पाहुण्याने या दोन आकड्यांकडे जास्तच लक्ष द्यायला हवं.

पण यात दिलासाही आहे. हे धोके कुठे असतात ते माहीत आहे आणि त्यातल्या बहुतेकांचा बंदोबस्त आधीच करता येतो. तो एकदा पक्का केला की बाकीचा प्रवास बिनधास्त सैल सोडता येतो. परदेशात जे सुख मिळतं ते त्या सैल भागातच मिळतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये काही ठिकाणी मी फार काटेकोर आहे आणि काही ठिकाणी अजिबात नाही.

पायरी १: आधी कागद, मग तिकीट

पासपोर्ट उघडून त्याची शेवटची तारीख बघा. पुष्कळ देशांना प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिन्यांची मुदत लागते. युरोपातल्या शेंगेन गटाचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांचा) हिशेब वेगळा आहे: तिथून बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत उरलेली हवी, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. मुदत कमी पडली तर बहुतेक वेळा निघतानाच, विमान कंपनीच्या काउंटरवर अडवतात. तिथे वाद घालून काही होत नाही, कारण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणायची जबाबदारी कंपनीवर येते. एक-दोन पानं कोरी आहेत ना, तेही बघून घ्या. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

व्हिसाची माहिती त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधायला गेलं की हुबेहूब सरकारी दिसणारी, पण जादा पैसे उकळणारी पानं अनेकदा आधी समोर येतात. व्हिसावर दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात: तो कधीपर्यंत वापरता येईल, आणि आत किती दिवस राहता येईल. या दोन्हींची गल्लत करून मुदतीबाहेर राहिलेल्या माणसाला दंड होतो, कधी पुढची काही वर्षं प्रवेशबंदीही होते. शेंगेनमध्ये थोड्या मुदतीच्या भेटीसाठी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस मिळतात, आणि पोचल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात धरतात.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: मधला विमानतळ. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बऱ्याचदा मधल्या देशात बाहेर येऊन सामान घ्यावं लागतं आणि पुन्हा आत जावं लागतं. म्हणजे तिथलाही व्हिसा लागू शकतो. स्वस्तात पडलेलं तिकीट इथे महाग पडतं.

सगळ्या कागदांची एक प्रत कागदावर, एक फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडेल अशी, आणि एक घरच्या भरवशाच्या माणसाकडे ठेवा.

पायरी २: शरीर आणि औषधं

निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. काही लशींना दोन-तीन डोस लागतात आणि मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू करून परतल्यावरही काही दिवस घ्याव्या लागतात. पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो. २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी मानला जातो. तुम्ही पीतज्वर असलेल्या देशातून येत असाल, किंवा तिथल्या विमानतळावर नुसते बारा तासांहून जास्त थांबला असाल, तरी पुढचा देश हा दाखला मागू शकतो.

रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, कारण कंपन्यांची नावं देशागणिक बदलतात. तुमच्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळणारी गोळी दुसरीकडे गुन्हा ठरू शकते. अ‍ॅम्फेटामाइन हे उत्तेजक द्रव्य असलेली औषधं जपानमध्ये डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन किंवा ट्रामाडॉल ही वेदनाशामकं असलेल्या औषधांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. ई-सिगारेटला सिंगापूर आणि थायलंडमध्ये बंदी आहे. विमानतळावर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही.

जुलाबासाठी जलसंजीवनीची पाकिटं न्या. ती संपली तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठ असू द्या. जुलाबात रक्त दिसलं किंवा सोबत जोराचा ताप आला तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा.

पायरी ३: विमा

प्रवास विमा काढा. यावर चर्चा नको. फक्त विकत घेण्याआधी "काय भरून मिळणार नाही" हे पान वाचा. दारू पिऊन झालेला अपघात, परवान्याशिवाय चालवलेली दुचाकी, आधीपासूनचा आजार, खोल पाण्यातली डुबी किंवा उंचावरची चढाई हे बहुधा त्याच पानावर दडलेलं असतं. आजारी माणसाला विमानाने मोठ्या रुग्णालयात किंवा मायदेशी हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे विचारा. सामान हरवण्यापेक्षा ते कलम कितीतरी महत्त्वाचं.

पायरी ४: पैसा

एकाच मार्गावर विसंबू नका. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डं, ती दोन वेगळ्या जागी, आणि थोडी रोकड. इराणमध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालत नाही. रशियाबाहेर काढलेली या कंपन्यांची कार्डं मार्च २०२२ पासून रशियात बंद आहेत. जाण्याआधी तुमच्या देशाचं कार्ड तिथे चालतं का, हे पाहणं म्हणूनच गरजेचं.

एटीएम किंवा दुकानातलं यंत्र "तुमच्या चलनात पैसे घेऊ का?" असं विचारतं. उत्तर नेहमी "नाही, स्थानिक चलनात". यंत्राचा दर जवळपास नेहमीच तुमच्या बँकेच्या दराहून वाईट असतो. पैसे काढायचे तर दिवसा, बँकेच्या आतल्या यंत्रातून.

पहिल्या संध्याकाळी खोलीत बसून नोटा ओळखीच्या करून घ्या. व्हिएतनाममधली २० हजार डोंगची आणि ५ लाख डोंगची नोट दोन्ही निळसर असतात. घाईत एकीऐवजी दुसरी गेली तर पंचवीसपट रक्कम हातची जाते.

पायरी ५: पहिले चोवीस तास

माझ्या मते सगळ्या प्रवासातला सर्वांत नाजूक काळ हाच. झोप झालेली नसते, सामान पूर्ण अंगावर असतं, भाव माहीत नसतात, दिशा कळत नसते, आणि हे सगळं चेहऱ्यावर दिसत असतं. तुम्हाला हेरणाऱ्याला यापेक्षा सोयीची वेळ मिळत नाही. म्हणून या एका दिवसासाठी कंजुषी आणि धाडस दोन्ही बाजूला ठेवा.

शक्यतो उजेडात पोचणारं विमान निवडा. पहिल्या दोन रात्रींची जागा आधीच ठरवलेली असू द्या, पुढचं मोकळं राहिलं तरी चालेल. राहण्याच्या जागेचं नाव, पत्ता आणि फोन नंबर स्थानिक लिपीत कागदावर छापून घ्या. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. त्या शहराचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

विमानतळावर सामान आलं नाही तर बाहेर पडण्याआधी कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार तुटक्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत करावी लागते, आणि २१ दिवसांत न आलेलं सामान हरवलेलं मानून भरपाई मागता येते.

शहरात कसं जायचं हे विमानात बसण्याआधीच ठरवा: कोणती बस, कोणती आगगाडी, की अधिकृत टॅक्सीची रांग. दारातच "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत सामानाला हात घालणाऱ्याला थांबून उत्तरही देऊ नका. ॲपवरून गाडी मागवली असेल तर गाडीचा क्रमांक जुळवा आणि तुमचं नाव तुम्ही सांगू नका, चालकाला सांगायला लावा. बसण्याआधी मीटर किंवा भाडं पक्कं करा.

पोचल्यावर पहिल्या दिवशी काहीही मोठं पाहू नका. पाकीट रिकामं करून, थोडे पैसे घेऊन, राहत्या जागेभोवती पायी एक मोठी फेरी मारा. औषधाचं दुकान, बसथांबा, रात्री उशिरापर्यंत उजेड असणारा रस्ता आणि तुम्हाला परत ओळखेल असा एखादा दुकानदार शोधा. पुढचे सगळे दिवस या फेरीवर उभे राहतात. वेळेचा फरक मोठा असेल तर दुपारी झोपू नका, उन्हात हिंडा. शरीर साधारण रोज एक तासाच्या गतीने नव्या वेळेला जुळतं.

पायरी ६: रस्ता, पाणी, उंची, प्यालेली दारू

रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघा, मग पुन्हा दोन्ही बाजूंना बघा. वाहतूक ज्या बाजूने येईल असं तुमचं डोकं गृहीत धरतं, त्याच्या उलट बाजूने ती येत असू शकते. लंडनमध्ये तर रस्त्यावरच "उजवीकडे बघा" असं रंगवलेलं असतं, कारण घरी रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या पाहायची सवय असलेले पाहुणे तिथेच फसतात.

भाड्याच्या स्कूटरचा मोह फार मोठा असतो. घरी कधी दुचाकी न चालवलेली माणसं समुद्रकाठी, चपला घालून, हेल्मेटशिवाय निघतात. मला हे पाहवत नाही. परवाना नसेल तर घेऊ नका, आणि विमाही मिळणार नाही हे लक्षात ठेवा. गाडी चालवायचीच तर आंतरराष्ट्रीय परवाना कोणत्या करारानुसार लागतो ते पाहा. १९४९ च्या जिनिव्हा करारातला आणि १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना वेगवेगळे आहेत, आणि जपान त्यातला १९४९ चाच मानतो. रात्रीच्या डोंगराळ रस्त्यावरची बस टाळता आली तर टाळा. वाचलेला दिवस इतका मोलाचा नसतो.

समुद्रात उतरण्याआधी स्थानिक लोक कुठे पोहतात ते बघा. मोकळा सुंदर किनारा मोकळा का आहे, याला कारण असतं. पाण्याने आत ओढलं तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या आणि मग वळा.

२५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, व्यायामपटूलाही. पेरूतलं कुस्को सुमारे ३४०० मीटरवर आहे, बोलिव्हियातल्या ला पाझचा विमानतळ ४००० मीटरच्याही वर. तिथे विमानाने थेट उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस सावकाश घालवावेत. पायी चढत असाल तर ३००० मीटरनंतर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांती घ्यावी. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर वर जायचं नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर ताबडतोब खाली उतरायचं, रात्र असली तरी.

कुत्रा, माकड किंवा वटवाघूळ चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

आणि दारू. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग विएंग गावात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूमुळे सहा परदेशी पर्यटक मरण पावले. मिथेनॉल चवीला किंवा वासाला वेगळं कळत नाही. फुकटचे किंवा फार स्वस्त पेले नाकारा आणि प्यायचीच तर सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडून घ्या. नजर धुरकट झाली तर तो नशेचा भाग समजून झोपू नका, रुग्णालयात जा.

पायरी ७: माणसं

इथे सावधगिरी आणि आनंद एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यांवर संशय घेतला तर परदेशी जाण्यात अर्थ उरत नाही. मी एक साधी कसोटी लावते: संभाषण कोणी सुरू केलं? रस्त्यावरच्या शंभर माणसांतून तुम्ही स्वतः निवडून ज्याला रस्ता विचारलात, तो ठग असण्याची शक्यता नगण्य आहे. पर्यटकांच्या ठिकाणी ज्याने शंभरांतून तुम्हाला निवडलं, त्याच्याकडे काही कारण असू शकतं. ते कारण निखळ कुतूहलही असतं, म्हणून बोला, हसा, वेळ द्या. पण तो घाई करू लागला, दुसऱ्या जागी चला म्हणू लागला किंवा पैशाचा विषय निघाला की शांतपणे उठा.

जगभरचे डाव थोडेच आहेत आणि ते फिरून फिरून येतात. बँकॉकमध्ये राजवाड्याच्या जवळ कोणीतरी सांगतं की राजवाडा आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो. तो बहुधा उघडा असतो आणि दुसरीकडे म्हणजे दागिन्यांचं दुकान असतं. बीजिंग, शांघायमध्ये इंग्रजीचा सराव करायला आलेले तरुण चहाच्या दुकानात नेतात आणि बिल प्रचंड येतं. पॅरिसमध्ये साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटाला धागा बांधून पैसे मागतात. साध्या वेशातला "पोलीस" पाकीट दाखवा म्हणतो; अशा वेळी पाकीट काढायचं नाही, आपण चौकीत जाऊन बोलू म्हणायचं.

एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रियांना हे नियम पुरत नाहीत. त्या देशात नुकत्याच जाऊन आलेल्या स्त्रियांनी लिहिलेलं वाचा. पुरुषांचं "अगदी सुरक्षित आहे" हे मत इथे उपयोगाचं नाही. स्वागतकक्षात खोलीचा क्रमांक मोठ्याने उच्चारला गेला तर दुसरी खोली मागा. पेला नजरेआड होऊ देऊ नका. कोणाला वाईट वाटेल म्हणून अस्वस्थ जागी थांबू नका.

पायरी ८: कायदा आणि कॅमेरा

लष्करी तळ, विमानतळ, पोलीस, सीमा यांचे फोटो काढायचे नाहीत. नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथे विमानं पाहण्याचा छंद असलेले १२ ब्रिटिश आणि २ डच लोक हेरगिरीच्या संशयावरून पकडले गेले. २००२ मध्ये आधी शिक्षा सुनावली गेली आणि नंतर अपिलात निर्दोष ठरेपर्यंत वर्ष गेलं. साठहून अधिक देशांत समलिंगी संबंध हा आजही गुन्हा आहे. ज्यांना हे लागू होतं त्यांनी देश निवडतानाच याचा विचार करावा. अंमली पदार्थ कुठेच नकोत. दुसऱ्याची पिशवी सीमेपार न्यायची नाही, कितीही गोड माणसाने दिली तरी.

पायरी ९: मोकळा वेळ

एवढं सगळं ज्यासाठी केलं ते आता. दर दोन-तीन दिवसांतला एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा. त्या दिवशी कोणतंही प्रसिद्ध ठिकाण नाही.

शहरातली एखादी बस किंवा ट्राम धरा आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जा. शाळा सुटतानाची गर्दी, वाणसामानाचं मोठं दुकान, सार्वजनिक वाचनालय, टपाल कार्यालय, सुट्टीच्या दुपारची बाग. या जागा तुमच्यासाठी सजवलेल्या नसतात, म्हणून तिथे देश दिसतो. लोक एकमेकांशी किती मोठ्याने बोलतात, रांगेत किती अंतर ठेवून उभे राहतात, म्हाताऱ्या माणसांना कोण हात देतं. एकाच बाकावर तासभर बसलं की हे दिसायला लागतं.

दोन डझन शब्द शिकून जा: नमस्कार, आभार, माफ करा, किती, पुरे, सुंदर, आणि एक ते दहा. उच्चार चुकला तर समोरचा दुरुस्त करतो, आणि तिथून बोलणं सुरू होतं.

काही ठिकाणी तर काळ मोजण्याची रीतच वेगळी भेटते. इथिओपियाच्या दिनदर्शिकेत तेरा महिने असतात, तिथलं सन सात-आठ वर्षं मागे असतं आणि तास पहाटेपासून मोजतात. आपल्या घड्याळात सकाळचे सात म्हणजे तिथला एक. बसची वेळ विचारताना हे ठाऊक नसेल तर सहा तास हुकतात. ठाऊक असेल तर "एक वाजला" ऐकून दिवस खरोखर सूर्याबरोबर सुरू झाल्यासारखा वाटतो. आइसलँडमध्ये गावकऱ्यांच्या गप्पा सार्वजनिक तरणतलावाच्या गरम कुंडात रंगतात, पण पाण्यात शिरण्याआधी कपडे उतरवून साबणाने अंघोळ करावीच लागते. जॉर्जियात मेजवानीला एक सूत्रधार असतो आणि तो बोलल्याशिवाय कोणी पेला उचलत नाही. अशा वेळी इतर काय करतात ते आधी बघा, मग तसंच करा. तुम्ही प्रयत्न करताय हे दिसलं की लोक पुष्कळ काही माफ करतात.

मधेच एखाद्या दिवशी सगळ्याचा कंटाळा येईल. आवाज नको होतील, साधी खरेदीही अंगावर येईल. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्ये या अवस्थेवर लेख लिहिला, इतकी ती सर्वसामान्य आहे. त्या दिवशी खोलीत राहा, ओळखीचं काही ऐका, घरी फोन करा, लवकर झोपा. त्या दिवशी देशाबद्दल मत मात्र बनवू नका.

पायरी १०: बिघडलंच तर

आपत्कालीन क्रमांक आधीच लिहून ठेवा. युरोपीय संघात ११२, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. चोराने शस्त्र दाखवलं तर वस्तू द्या, चर्चा नको. पासपोर्ट गेला तर पोलीस तक्रारीची प्रत घेऊन आपल्या दूतावासात जा.

अटक झाली तर वकिलातींविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या ३६व्या कलमानुसार तुमच्या देशाच्या वकिलातीला कळवा, असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. न समजलेल्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. वकिलात तुम्हाला भेटू शकते, वकिलांची यादी देऊ शकते, घरी निरोप देऊ शकते. ती तुरुंगातून सोडवू शकत नाही आणि सहसा रुग्णालयाचं बिलही भरत नाही. त्यासाठीच तो विमा.

पायरी ११: परतल्यावर

ज्यांना फोटो पाठवतो म्हणालात त्यांना पहिल्याच आठवड्यात पाठवा. नंतर ते राहून जातं, आणि तिकडे कोणीतरी खरंच वाट बघत असतं.

मलेरियाच्या प्रदेशातून आला असाल तर उरलेल्या गोळ्या पूर्ण घ्या. पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला, आणि विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्यांनी विचारलं नाही तरी कोणत्या देशात, कोणत्या भागात, किती दिवस होता ते सांगा आणि मलेरियासाठी रक्त तपासायला सांगा. पहिल्या तपासणीत काही निघालं नाही आणि ताप टिकून राहिला, तर पुन्हा तपासून घ्या.